डीपीच्या शीटवर आपण दिसतो का?

प्रश्न : आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेवर ‘मैदानाचं आरक्षण आहे’ हे मी शाळेत असल्यापासून ऐकते आहे. आता माझी मुलगी कॉलेजात जाते. मैदान झालेलं नाही, इमारतही उभी राहिलेली नाही, नुसता पत्रा लावून ठेवलाय. मुंबईचा विकास आराखडा दर वीस वर्षांनी नवा होतो म्हणतात. मग जुन्या आराखड्यातलं आरक्षण संपतं की पुढे चालू राहतं?
— एक वाचक, दहिसर

उत्तर : तुम्ही लक्षात ठेवायचं वर्ष २०२८ आहे. सध्याच्या आराखड्याच्या नावात २०३४ आहे, पण तुमच्या मैदानाचा प्रश्न त्याच्या बऱ्याच आधी धसाला लागू शकतो. कसा, ते जरा सविस्तर सांगतो.

महाराष्ट्रातल्या प्रत्येक शहराचा विकास आराखडा, म्हणजे डीपी, ‘महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६’ या कायद्याखाली होतो. त्यातलं कलम ३८ सांगतं की आराखडा अमलात आल्यापासून वीस वर्षांतून किमान एकदा त्याची फेरतपासणी व्हावी. मुंबईचे आजवर असे तीन आराखडे झाले. पहिल्याचा मसुदा १९६४ चा, मंजुरी १९६७ ची. दुसरा १९८१ ते २००१ या वीस वर्षांसाठी होता, पण सरकारने तो मंजूर केला १९९१ ते १९९४ दरम्यान, तुकड्यातुकड्यांनी. म्हणजे वीस वर्षांतली निम्मी मंजुरीच्या वाटेवरच गेली. आणि तिसरा आराखडा यायलाही उशीर झाल्याने २००१ साली संपायचा तो आराखडा थेट २०१८ पर्यंत चालला. सध्याचा आराखडा नावाने २०१४ ते २०३४ चा. तो मंजूर झाला मे २०१८ मध्ये आणि लागू झाला त्याच वर्षीच्या सप्टेंबरात.

आता आरक्षण. नकाशावर हिरवा रंग दिसला की जागा महापालिकेची झाली असं आपण धरून चालतो. तसं नसतं. जागा खासगी मालकाचीच राहते. आराखडा फक्त एवढंच म्हणतो की इथे दुसरं काही बांधायचं नाही, कारण ही जागा पुढे सार्वजनिक कामासाठी घ्यायची आहे. ती प्रत्यक्ष ताब्यात घ्यायची तर मालकाला मोबदला द्यावा लागतो. तो रोख देता येतो, दुसरीकडे वापरायच्या बांधकाम हक्कांच्या रूपात म्हणजे टीडीआरने देता येतो, किंवा मालकाने त्याच भूखंडाच्या काही भागात सार्वजनिक सोय बांधून द्यायची आणि उरलेल्यात स्वतःचं बांधकाम करायचं, असंही ठरवता येतं. यातलं काहीच झालं नाही की जागा तुम्ही लिहिता तशी पडून राहते.

मालकानेही किती थांबायचं? म्हणून कलम १२७ आहे. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक महापालिकेला नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची खरी पावलं पडली नाहीत, तर आरक्षण रद्द झाल्याचं मानलं जातं. ही मुदत पूर्वी सहा महिन्यांची होती, मग बारा झाली, २०१५ च्या दुरुस्तीने चोवीस झाली. ‘खरी पावलं’ हा शब्दप्रयोग मी मुद्दाम केला. नुसता पत्रव्यवहार म्हणजे संपादनाचं पाऊल नव्हे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००७ चा निकाल आहे.

आणि तुमच्या प्रश्नाचं नेमकं उत्तर : महाराष्ट्राच्या कायद्याखाली, मालकाने आधी नोटीस दिलेली नसेल आणि नव्या आराखड्यात तेच आरक्षण कायम राहिलं असेल, तर दहा वर्षांची मोजणी नव्या आराखड्यापासून पुन्हा सुरू होते. सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केलं आहे. त्यामुळे तुमच्या लहानपणापासूनची वर्षं यात धरली जात नाहीत. सप्टेंबर २०१८ पासून मोजा. सप्टेंबर २०२८ नंतर मुंबईभर अशा नोटिसा येऊ लागतील. ज्या जागांसाठी महापालिकेने पैशाची आणि कागदपत्रांची तयारी ठेवली नसेल, त्या जागा एकेक करून मोकळ्या होत जातील, म्हणजे बांधकामाला मोकळ्या.

तेव्हा आत्ताच दोन गोष्टी करा. जागेचा नगर भूमापन क्रमांक मिळवून महापालिकेकडून ‘डीपी रिमार्क’ काढा. अर्ज ऑनलाइन करता येतो. २०३४ च्या आराखड्यात आरक्षण खरोखर आहे का, ते त्यात दिसेल. मग मिळकत पत्रिकेवर मालक कोण आहे ते पाहा. जागा महापालिकेचीच असेल तर कलम १२७ चा प्रश्नच येत नाही, फक्त काम का होत नाही एवढाच प्रश्न उरतो, आणि तो नगरसेवकाला थेट विचारता येतो. जागा खासगी असेल, तर मालकाची कलम १२७ ची नोटीस आली आहे का आणि संपादनासाठी काय केलं, हे माहितीच्या अधिकारात लेखी विचारा. संपादनाचे प्रस्ताव महापालिकेच्या सुधार समितीपुढे येतात. तिथे तुमचा विषय कधी येतो यावर लक्ष ठेवा.

प्रश्न : मी वर्सोव्याच्या कोळीवाड्यातला. आराखडा अद्ययावत करतात म्हणजे सगळं शहर पुन्हा मोजतात का? की जुन्याच नकाशावर खाडाखोड करून नवा म्हणून देतात? आमच्याकडे मोजायला कोणी आल्याचं कुणाला आठवत नाही.
— एक वाचक, वर्सोवा

उत्तर : तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. अख्ख्या प्रक्रियेची मेख तिथेच आहे.

कायद्याने क्रम असा. महापालिका आधी आराखडा करण्याचा इरादा जाहीर करते. मग शहराचं सर्वेक्षण करून ‘विद्यमान भूवापर नकाशा’ तयार होतो, म्हणजे आज कुठल्या जागेवर काय आहे याची नोंद. हे कलम २५. त्यावर पुढच्या वीस वर्षांचा अंदाज बांधून प्रस्ताव आखतात आणि मसुदा प्रसिद्ध करून हरकती-सूचना मागवतात. हे कलम २६. नियोजन समितीपुढे सुनावणी, मग महासभा, मग राज्य सरकार, असा पुढचा प्रवास. वर्तमानपत्रांत बातमी येते ती कलम २६ च्या वेळी. लोक जागे होतात तेही तेव्हा. तोवर पाया घालून झालेला असतो.

गेल्या खेपेला काय झालं ते आठवून पाहा. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईचा मसुदा प्रसिद्ध झाला. उभ्या इमारतींवरून रस्त्यांच्या रेषा गेलेल्या, वारसा यादीतल्या वास्तू आणि प्रार्थनास्थळं चुकीची दाखवलेली किंवा गायब, आरे वसाहतीत विकासाला वाट करून दिलेली. साठ दिवसांत पासष्ट हजारांवर हरकती आणि सूचना आल्या. एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी मसुदा दुरुस्त करून नव्याने आणायला सांगितलं. चार महिन्यांची मुदत दिली होती. सुधारित मसुदा यायला मे २०१६ उजाडला. त्या गोंधळातल्या कितीतरी चुका प्रस्तावात जन्मल्याच नव्हत्या. ‘आज इथे काय आहे’ याची नोंदच चुकली, आणि त्या चुकीवर रस्ता किंवा आरक्षण आखलं गेलं.

आता कोळीवाड्याकडे या नजरेने पाहा. तुमच्याकडे बोंबील वाळवायच्या वलांड्या ज्या जागेवर उभ्या असतात, तिथे पावसाळ्यात काहीच नसतं. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होड्या ज्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवता, तो किनारा दिवाळीत रिकामा दिसतो. जाळी विणायची, दुरुस्त करायची जागा संध्याकाळी मुलांच्या क्रिकेटची असते. बाहेरून आलेला माणूस ज्या दिवशी येईल त्या दिवशी जे दिसेल ते लिहील, आणि बहुतेक वेळा ‘मोकळी जागा’ असंच लिहील. उपग्रहाचं चित्र तर त्याहून कमी सांगतं. एकदा का नकाशाच्या शीटवर ‘मोकळी जागा’ उमटली, की पुढच्या शीटवर तिथे वाहनतळ, रस्ता, बाग, काहीही बसू शकतं, आणि ते बसवणाऱ्याला आपण कुणाचा धंदा मोडतोय याची कल्पनाही नसते.

शीटवरच्या नोंदीचं वजन किती असतं, याचं एक उदाहरण तुमच्याच घरचं आहे. केंद्र सरकारची सागरी किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची, २०११ ची अधिसूचना आली तेव्हा तिच्यात बृहन्मुंबईसाठी खास तरतूद होती. कोळीवाडे सीआरझेड तीनमध्ये घ्यायचे, पण कुठले? ‘१९८१ च्या विकास आराखड्यात’ किंवा राज्य सरकारच्या संबंधित अभिलेखांत जे ओळखले गेले आहेत ते. त्याच्या तीस वर्षं आधी कुणीतरी नकाशावर रेघ मारली किंवा मारायची राहिली, आणि दिल्लीतल्या अधिसूचनेने त्या रेघेवरून घरदुरुस्तीचे हक्क ठरवले. ज्या कोळीवाड्याची हद्द नीट उमटली नव्हती, त्याला आपण कोळीवाडा आहोत हे सिद्ध करत फिरावं लागलं. २०१५ च्या मसुद्यातही कोळीवाड्यांच्या आणि गावठाणांच्या हद्दी नीट आल्या नाहीत म्हणून कोळी समाज रस्त्यावर उतरला होता. हद्दींचं सीमांकन हा आजही तुमच्या लढ्याचा विषय आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की, लोकांना खरा दरवाजा कलम २५ च्या वेळी उघडायला हवा. विद्यमान भूवापर नकाशाचा कच्चा मसुदा वॉर्डावॉर्डात, मराठीत, भिंतीवर लावला पाहिजे आणि त्यावर सुधारणा घेतल्या पाहिजेत. पुढची फेरतपासणी सुरू होईपर्यंत तुम्ही मात्र थांबू नका. तुमच्या मच्छीमार सोसायटीने स्वतःचा नकाशा करून ठेवावा. वलांड्या कुठे, होड्या कुठे, जाळी कुठे, कुठल्या महिन्यात, कधीपासून. फोटोवर तारीख, जागेला भूमापन क्रमांक, जुन्या माणसांचे सहीचे जबाब, सोसायटीचा ठराव. कुणी मोजायला येईल तेव्हा त्याच्या हातात हा कागद द्यायचा आणि पोच घ्यायची.

प्रश्न : दर पावसाळ्यात भरती आणि पाऊस एकत्र आले की आमचा रस्ता बुडतो. समुद्राची पातळी वाढतेय असं सगळेच म्हणतात. मग २०३४ च्या आराखड्यात त्याचा विचार आहे का?
— एक वाचक, सांताक्रूझ

उत्तर : तुम्ही सांताक्रूझचे, म्हणजे २६ जुलै २००५ चा आकडा तुमच्याच वेधशाळेचा : चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर. त्या दिवशी पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली होती. मुंबईची जुनी पर्जन्य जलवाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी केलेली, तीही ओहोटी असेल तर. भरतीच्या वेळी नाल्यांच्या पातमुखांतून पाणी बाहेर जाण्याऐवजी समुद्रच आत यायला लागतो. या व्यवस्थेवरच्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने १९९३ साली ही क्षमता ताशी ५० मिलिमीटरपर्यंत वाढवायला आणि पंपिंग स्टेशनं बांधायला सांगितलं होतं. २००५ च्या पुरानंतर त्या कामाला खरा वेग आला. आठ स्टेशनं ठरली होती. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध इथली झाली. माहूलचं वर्षानुवर्षं अडलं, कारण जागा मिठागराची, केंद्राच्या मीठ आयुक्तांकडची. पूर आवरायचं यंत्र विकत घेता येतं. ते बसवायला खाडीच्या तोंडाशी जागा लागते, आणि ती जागा पंधरा-वीस वर्षं आधी आराखड्यात राखून ठेवावी लागते.

तर २०३४ च्या आराखड्यात समुद्र आहे का? आहे, पण मुख्यतः सीआरझेडची रेषा म्हणून. भरती रेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा, खाडीच्या कडेचा पट्टा, कांदळवनं, यांवर केंद्राचे नियम चालतात आणि आराखडा त्यांच्या अधीन असतो. मात्र हे नियम स्वतःच सरकत आले आहेत. १९९१, २०११, २०१९ अशा तीन अधिसूचना झाल्या. बांधलेल्या किनारी भागात चटई क्षेत्र १९ फेब्रुवारी १९९१ च्या नियमांवर गोठवलेलं होतं. २०१९ च्या अधिसूचनेने ती तारीख १८ जानेवारी २०१९ केली. त्या दिवशी मुंबईत नवा आराखडा आणि त्याची नवी नियमावली लागू होऊन काही महिने झाले होते. किनाऱ्यावरच्या जुन्या, मोडकळीला आलेल्या इमारतींना त्याने श्वास घेता आला, हे खरं आहे. पण त्याच वेळी किनाऱ्यावर जास्त माणसं राहायला येणार, हेही त्यातून ठरलं.

त्याच अधिसूचनेतली दुसरी गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. लाटा, धूप, समुद्रपातळीची वाढ हे सगळं धरून देशभर ‘धोका रेषा’ आखली गेली. २०१९ च्या अधिसूचनेनुसार ती आपत्ती व्यवस्थापनाचं साधन म्हणून वापरायची आहे. तिच्यामुळे बांधकामावर थेट बंधन येत नाही. मुंबईचा हवामान कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये आला. त्यात पुराचा, उष्म्याचा, वस्तीनिहाय जोखमीचा चांगला अभ्यास आहे. पण तो १९६६ च्या कायद्याखालचा आराखडा नाही. इमारतीचा प्रस्ताव तपासणारा अभियंता विकास आराखड्याचं शीट उघडतो, आणि त्या शीटवर तुमच्या रस्त्याचं पाणी उमटलेलं नसतं.

यासाठी २०३४ ची वाट पाहायची कायद्यानेच गरज ठेवलेली नाही. कलम ३८ ‘किमान एकदा’ म्हणतं. राज्य सरकार फेरतपासणीचा आदेश केव्हाही देऊ शकतं. शहराच्या आतल्या भागाला वीस वर्षांचा फेरा कदाचित पुरेल. भरतीच्या पट्ट्याला तो पुरणार नाही. धोका रेषा, पाणी तुंबणाऱ्या जागा, नाल्यांची पातमुखं, पंपिंग स्टेशनसाठी लागणाऱ्या जागा, कांदळवनांची आजची हद्द : एवढं तरी दर पाच वर्षांनी शीटवर चढलं पाहिजे, अशी मागणी किनाऱ्यावरच्या प्रत्येक वॉर्डाने करायला हवी. मिठागरांच्या आणि ना विकास क्षेत्राच्या जमिनी परवडणाऱ्या घरांसाठी खुल्या करायचं २०३४ च्या आराखड्याचं धोरण आहे. शहराला घरांची गरज आहे, यात शंका नाही. पण भरतीचं पाणी सामावून घेणाऱ्या सखल जमिनीवर गरिबांची घरं बांधली, तर पुढचा पूर पहिल्यांदा त्यांच्याच घरात शिरेल. आधी पाण्याचा नकाशा, मग घरांचा, हा क्रम सोडता कामा नये.

प्रश्न : हजारो सूचना येतात म्हणता. एकट्यादुकट्याच्या पत्राने कधी काही बदललंय का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : बदललंय, आणि तुम्ही पणजीहून विचारताय म्हणून तुमच्यापासूनच सुरुवात करतो. गोव्याचा ‘प्रादेशिक आराखडा २०११’ हा २००६ साली अधिसूचित झाला होता. गावागावांतून लोकांनी नकाशे उघडून आपले डोंगर, शेतं, किनारे कुठल्या रंगात गेलेत ते पाहिलं, गोवा बचाव अभियान उभं राहिलं, आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. पुढच्या २०२१ च्या आराखड्यासाठी नेमलेल्या कार्यगटात वास्तुविशारद चार्ल्स कोरिया होते.

हेच कोरिया मुंबईच्या गोष्टीतही आहेत. १९६४ साली महापालिकेने आपला पहिला मसुदा प्रसिद्ध करून सूचना मागवल्या. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल या तिघांनी सूचना केली ती अशी, की शहर उत्तरेकडे लांबवत नेण्याऐवजी खाडीपलीकडे नवं शहर वसवा. १९६५ साली ‘मार्ग’ नियतकालिकात त्यांनी ती सविस्तर मांडली. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबई वसली. मसुद्यावर आलेल्या सूचनेतून एक अख्खं शहर झालं.

सगळ्याच सूचना एवढ्या मोठ्या नसतात. २०३४ च्या आराखड्यात महिलांसाठी ‘आधार केंद्र’, नोकरी करणाऱ्या स्त्रियांची वसतिगृहं, बेघरांसाठी निवारे अशी आरक्षणं आहेत. ती आपोआप आली नाहीत. ‘हमारा शहर मुंबई’ अभियानासारख्या गटांनी वस्त्यावस्त्यांत बसून, बायकांशी बोलून त्या मागण्या लिहून काढल्या होत्या. सूचनेच्या पत्रात भूखंड क्रमांक, शीट क्रमांक, आज काय आहे, काय हवं आणि का, एवढं असेल तर नियोजन समितीला ते बाजूला सारणं अवघड जातं. ‘आमच्या भागात बाग हवी’ एवढंच लिहिलं, तर त्याचं काय करायचं हे समितीलाही कळत नाही.

मुंबईच्या वाचकांसाठी एक गोष्ट राहिली. आराखडा फक्त वीस वर्षांनीच बदलतो असं नाही. कलम ३७ खाली मधल्या काळात एकेका भूखंडापुरते फेरबदल होत राहतात : मैदानाचं आरक्षण इथून तिथे, रस्त्याची रुंदी कमी, वापर बदल. त्याची सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते आणि हरकतीला साधारण महिन्याची मुदत असते. ही सूचना बारीक टायपात, निविदांच्या आणि हरवलेल्या कागदपत्रांच्या जाहिरातींमध्ये छापलेली असते. तिच्यात तुमच्या गावाचं जुनं महसुली नाव आणि भूमापन क्रमांक असतो, रस्त्याचं किंवा सोसायटीचं नाव क्वचितच. म्हणून आपल्या परिसराचे दहा-बारा भूमापन क्रमांक एका कागदावर लिहून सोसायटीच्या सूचना फलकाला लावून ठेवा, आणि सूचना वाचायचं काम एका माणसाकडे द्या.